मामांचा अर्ज

"बाई, मामा म्हणतात, तो अर्ज तुम्हीच लिहून दिला होतात. खरं का?" संस्थेच्या अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहत विचारलं.

मुख्याध्यापकांच्या खोलीत पाच खुर्च्या होत्या. अध्यक्ष, मुख्याध्यापक आणि बाई मिळून तिघे बसले होते, दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. शाळेचे शिपाई मामा मात्र भिंतीला लागून उभे होते. त्यांना बसा म्हणायचं कुणाला सुचलं नव्हतं.

सोमवारी सायकली ठेवायच्या शेडची भिंत पडली होती. सातवीतल्या एका मुलीचा पाय दोन ठिकाणी मोडला. तिचे आईवडील वकील घेऊन आले, तेव्हा संस्थेने सांगून टाकलं, की भिंतीवर लक्ष ठेवणं शिपायाचं काम, आणि त्याने कधी कळवलंच नाही.

मामांनी कळवलं होतं. दोन महिन्यांपूर्वी मधल्या सुट्टीत ते शिक्षकांच्या खोलीत आले होते. "बाई, भिंतीला पोट आलंय. चार ओळी लिहून द्या. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय."

बाईंनी लिहिलं, 'भिंत पडेल.'

"असं नको. 'पडण्याची शक्यता आहे' लिहा. साहेब लोकांना शक्यता बरी वाटते."

बाई हसल्या होत्या. मामांनी जीभ दातांत धरून सही केली आणि अर्ज मुख्याध्यापकांना नेऊन दिला. तो त्यांच्या खणात गेला. आता खणात नव्हता.

आज सकाळी जिन्यातच मुख्याध्यापकांनी बाईंना थांबवलं होतं. "तुमच्या मुलीचा कायम करण्याचा कागद अध्यक्षांपुढे आहे. सहा वर्षं झाली ना तिला आपल्या प्राथमिक विभागात? आज जरा सांभाळून बोला. मी आपलं घरचं समजून सांगतोय."

बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मी पुष्कळांना अर्ज लिहून देते. नेमकं आठवत नाही."

मामांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बाईंना सोपं गेलं असतं. पाठ केलेली कविता मध्येच विसरलेल्या पोराकडे पाहावं, तसे ते पाहत होते. मग तेच अध्यक्षांना म्हणाले, "नसेल आठवत, साहेब. बाईंच्या मागे शंभर कामं असतात."

अध्यक्षांनी फाईल मिटली.

पुढचा तास नववीचा होता. धडा म्हणजे एक जुनी अमेरिकन गोष्ट. बर्फात गाडलेल्या गावातला एक लोहार एका परक्या माणसाला दुकानात लपवतो, आणि सगळं गाव दाराशी येऊन उभं राहतं. बाई ती एकोणीस वर्षं शिकवत होत्या. त्यांनी फळ्यावर मधोमध रेघ ओढली. एकीकडे लिहिलं, 'बाह्य संघर्ष: लोहार आणि गाव.' दुसरीकडे, 'आंतरिक संघर्ष: लोहार आणि त्याची भीती.'

"लिहून घ्या. पाच गुणांना हमखास येतं."

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "बाई, बाहेरच्या संघर्षात कोण हरलं ते दिसतं. आतल्यात कसं कळतं?"

"ते परीक्षेला येत नाही. बस खाली."

वर्ग हसला. विनोद म्हणून हसला. बाईंनी फळा पुसायला घेतला, तेव्हा निम्म्या मुलांचं लिहूनही झालं नव्हतं.

संध्याकाळी बाईंची मुलगी घरी आली ती चप्पल न काढताच स्वयंपाकघरात शिरली. "आई, मामांना काढलं. शनिवार शेवटचा."

"ऐकलं मी."

"भिंतीचं कळवलं नाही म्हणे."

"कळवलं असतं तर कागद सापडला असता."

"तूच लिहिला होतास." मुलगी ओट्याला टेकली. "मी समोर डबा खात बसले होते, आई. 'शक्यता'वरून तुम्ही दोघं हसत होतात."

बाईंनी कणीक मळता मळता मान वर केली. "मग जा. आत्ता जाऊन सांग अध्यक्षांना. तुला कुणी धरलंय?"

मुलीने तोंड उघडलं. बाईंना एकाच वेळी वाटत होतं, की हिने जावं, आणि हिने जाऊ नये. शेवटी मुलगी वळली आणि गॅस बारीक करत म्हणाली, "भाजी लागतेय खाली."

त्यानंतर दोघींनी तो विषय काढला नाही. शुक्रवारी मुलीच्या हातात कायम झाल्याचा कागद पडला. तिने तो आईला दाखवला, पण वाचून दाखवला नाही.

शनिवारी मामा किल्ल्या सोपवत खोल्याखोल्यांतून फिरले. आपलाच रेघांचा सदरा घालून आले होते, त्यामुळे लहान वर्गातल्या पोरांनी त्यांना पटकन ओळखलंच नाही. शिक्षकांच्या खोलीत त्यांनी वही बाईंपुढे सरकवली.

"ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली. मिळाली म्हणून सही करा."

बाईंनी पेन उचललं.

"वाचून करा, बाई."

त्यांनी वाचलं. एकच ओळ होती, तरी दोनदा वाचली. सही करताना खाली मान घालूनच म्हणाल्या, "मामा, माझं चुकलं."

मामांनी वही मिटून काखेत मारली. "पोरीचं पक्कं झालं म्हणे? बरं झालं. सहा वर्षं तंगवली होती बिचारीला." थोडं थांबून म्हणाले, "पण बाई, तो अर्ज कुणी मनावर घेतला असता, तर त्या मुलीचा पाय वाचला असता हो. माझं जाऊ द्या."

त्यांनी पिशवीतून शिपायाचा गणवेश काढून टेबलावर ठेवला आणि निघून गेले. दार त्यांनी नेहमीसारखं आवाज न करता लोटलं.

मागून मुख्याध्यापक डोकावले. "अरे वा, आणून दिला का! नव्या माणसाला होईल. बाई, ठेवता का तुमच्या कपाटात?"

बाईंनी गणवेश उचलला. धुऊन घडी घातलेला होता. कॉलर आतून उसवली होती, तिथे बारीक हातशिलाई घातलेली. वरून तिसरं बटण नवं होतं, बहुधा आदल्या दिवशीच लावलेलं.

शर्ट अजून इस्त्रीने कोमट होता.