दोन बरगड्या
"तुमच्या मिस्टरांनी बाहेर बसावं," डॉक्टरबाई मला म्हणाल्या. मग लगेच, "आणि तुम्हीसुद्धा."

माझं डोकंच फिरलं. माझ्या मायला कॅनडात कायमचं ठेवायचं तर सरकारी कागदांसाठी ही तपासणी लागते, म्हणून सकाळपासून आम्ही दवाखान्यात. रक्त झालं, लघवी झाली, छातीचा फोटो झाला. जन्मभर खानदेशात पारोळ्याच्या शेतात राबलेली बाई, तिला काय धाड भरलीय, असं मीच नवऱ्याला, योगराजला, हसत म्हणाले होते.

"झालंय काय ते तरी सांगा!"

"तुमच्या आईंच्या दोन बरगड्या मोडून जुळल्यात. कधी मोडल्या, ते फोटोवरून सांगता येत नाही. आणि तुमचे मिस्टर आत आले की त्या लगेच खुर्चीवरून उठतात, तोंड झाकतात, भिंतीकडे वळतात. मी पाहिलंय."

अहो, जावई आहे तो! आमच्याकडे सासू जावयासमोर खुर्चीत बसत नाही. पदर पुढे ओढते, बोलायचं तर लेकीमार्फत बोलते. 'मामी, बसा हो' म्हणून म्हणून तो बिचारा थकला. हे सगळं मी इंग्रजीत धडाधड सांगितलं. बाईंना ते पटलेलं दिसलं नाही.

"आणि बरगड्या बैलगाडी उलटून मोडल्या, मी लहान असताना. माझ्या वडिलांनीच सांगितलंय मला."

"मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय. खात्री झाली नाही, तर मला पुढे कळवावं लागेल."

बाहेर योगराज बाकावर बसला होता. नाना, माझे वडील, गेल्यावर 'मामी एकट्या कशा राहतील' म्हणून मायला इकडे आणायचा हट्ट त्याचाच. "काय झालं गं?" त्यानं विचारलं. काय सांगणार होते मी त्याला, कपाळ?

थोड्या वेळानं मला परत बोलावलं. टेबलावरच्या फोनवर एक मराठी दुभाषी बाई होती, पण माय तिच्याशी बोलेना. 'मन्ही पोरले बलावा' एवढंच तिचं आमच्या अहिराणीत चाललं होतं.

मी तिच्याजवळ बसले. "माय, आशी गप नको ऱ्हाऊ. ह्यास्ले वाटस, योगराज तुले मारस."

"अवं माय वं! जवाईबोवा?" माय उभीच राहिली. "त्यास्ना तं आवाज बी कधी चढत नही!"

"मंग गाडी उलटनी ते सांग ना."

माय खाली बसली. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "गाडी नही उलटनी, मोहिनी. तुना नानास्नी लाथ मारी व्हती. आंघोयनं पानी थंड व्हतं म्हनीसन."

"काय बोलस, माय?"

"आजलोंग कोन्हाजोडे बोलनी नही. पन जवाईबोवानं नाव नको येवाले."

नाना! सायकलच्या दांडीवर बसवून मला शाळेत नेणारे, मी बारावी झाले तेव्हा अख्ख्या गल्लीत पेढे वाटणारे. माझ्यावर त्यांनी कधी बोटसुद्धा उगारलं नव्हतं. खरं सांगते, मला पहिला राग मायचाच आला. मेलेल्या माणसाबद्दल असं बोलतेस कशी, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण माय कधी खोटं बोलल्याचं काही केल्या आठवेना, आणि मग रडूच फुटलं.

"माफ करा," फोनमधली बाई म्हणाली, "यांची बोली मला नीट कळली नाही. मुलगी सांगू शकेल का?"

डॉक्टरबाई माझ्याकडे बघत राहिल्या. गाडीच उलटली, असं मी सांगितलं असतं तरी मायला इंग्रजी कुठं कळत होतं? नानांचं नाव राहिलं असतं. पण त्या गाडीवर डॉक्टरबाईंचा विश्वास नव्हता, आणि बाहेर योगराज बसला होता.

"माझ्या वडिलांनी," मी म्हणाले. "माझ्या वडिलांनी लाथ मारली होती."

डॉक्टरबाईंनी लिहून घेतलं. फोन ठेवला. मग खुर्ची पुढे ओढून मायसमोर बसल्या आणि मला म्हणाल्या, "अजून दुखतं का, विचारा त्यांना."

इतक्या वर्षांत मी हे तिला कधी विचारलं नव्हतं. विचारलं.

"थंडीम्हा दुखस," माय म्हणाली.