डावी पुढे!

मित्रांनो, मला जुनं म्हणा, डुगडुगतं म्हणा, पण अडगळ म्हणालात तर खबरदार! मुलांच्या आणि मुलींच्या वसतिगृहांच्या मधोमध एक सामाईक हॉल आहे. त्या हॉलमधलं टेबल-टेनिसचं टेबल म्हणजे मी. व्याकरणाप्रमाणे मी 'आलं, गेलं' असं बोलायला हवं. मी बोलणार नाही. आजवर 'आलो, गेलो' म्हणत आलो, पुढेही तसंच म्हणणार. कोणाच्या पोटात दुखत असेल तर खुशाल दुखू दे.

माझा जन्म एका सुतारखान्यात झाला. सुताराने मला रंधा मारून मारून गुळगुळीत केलं, हिरवा रंग दिला, कडेने पांढऱ्या रेघा ओढल्या. मग एक चेंडू आधी या बाजूला टाकून पाहिला, नंतर त्या बाजूला. दोन्हीकडे तो सारखाच उसळला. "झकास," सुतार म्हणाला, "हा कोणाची बाजू घेणार नाही." तेवढं एकच वाक्य मी वारसा म्हणून घेऊन आलो.

हॉलमध्ये माझी चंगळ होती. वर्ग सुटले की पोरं धावत यायची आणि माझ्यासाठी नंबर लावायची. निवडणूक आली की मात्र माझी जाळी निघायची. आमचा हॉल हेच कॉलेजच्या पोरांचं मतदान केंद्र होतं. माझ्यामागे मतदान अधिकारी बसायचे आणि माझ्या कोपऱ्यावर शाईची बाटली असायची. मी छाती फुगवून उभा राहायचो, पण येतंय कोण? प्रवेशाच्या वेळीच सगळ्यांची मतदार म्हणून नोंदणी झालेली असायची, पण नावं यादीत आणि माणसं गादीत! उरलेली पोरं सुट्टी मिळाली म्हणून घरी पळालेली. शाई लावणाऱ्या बाई बसल्या बसल्या स्वेटर विणायच्या. मला फार राग यायचा. एरवी एका गुणावरून एकमेकांच्या अंगावर धावून जाणारी ही पोरं त्या दिवशी कुठे मरायची, कोण जाणे.

मग ती आली. डाव्या हाताने खेळायची, म्हणून सगळे तिला 'डावी' म्हणायचे. तिचा कट्टर प्रतिस्पर्धी होता लंबू. तो उजव्या हाताने खेळायचा. गंमत अशी की विचारांनी दोघं नेमकी उलटी. डावीच्या वडिलांचं दुकान होतं, आणि सरकारने व्यापारात नाक खुपसू नये यावर ती तावातावाने बोलायची. लंबू कामगारांच्या सभांना जायचा, घोषणा द्यायचा, पक्का डावा. खेळता खेळता दोघांची अशी जुंपायची की चेंडू कोणाकडे आहे हेही विसरायची. मला दोघंही आवडायची.

एका गोष्टीवर मात्र त्यांचं एकमत होतं. वाचनालयाकडून वसतिगृहाकडे येणाऱ्या रस्त्यावर एकही दिवा नव्हता. त्या अंधारात डावीची मैत्रीण गटारात पडली आणि हात मोडून बसली. डावी तडक नगरसेवकांकडे गेली. परत आली तेव्हा तिने बॅट माझ्यावर आपटली. तो घाव मला अजून दुखतो.

"काय म्हणाले?" लंबूने विचारलं.

"म्हणाले, तुमच्यात मत देतं कोण? ज्यांची मतं, त्यांचे दिवे."

"तोंडावर बोलले?"

"तोंडावर! आणि खोटं तरी काय बोलले रे? खरंच होतं ना ते."

त्या दिवसापासून डावी दारोदार फिरून सगळ्यांना मतदानाला या म्हणून विनवू लागली. पोरं "हो हो" म्हणायची आणि कूस बदलायची.

निवडणूक जवळ आली. नगरसेवकांच्या विरोधात या वेळी डाव्या पक्षाचे एक गृहस्थ उभे होते. एका संध्याकाळी नगरसेवक सहज आमच्या खिडकीखालून चालले होते. आत अटीतटीचा सामना रंगला होता आणि पोरं बेंबीच्या देठापासून ओरडत होती, "डावी पुढे! उजवा झोपला! या खेपेला डावीच येणार!"

नगरसेवक जागच्या जागी थबकले. त्यांनी वॉचमनमामांना हाक मारली. खिडकी उघडी असल्यामुळे मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"काय हो, किती डावे आहेत इथे?"

"दोनच, साहेब," मामा भाबडेपणाने म्हणाले. "पण ती एक पोरगी सगळ्यांना भारी आहे. कोणालाच ऐकत नाही."

"आणि हे सगळं चालतं कुठे?"

"ह्या टेबलावरच की! रोज संध्याकाळी. सगळं हॉस्टेल गोळा होतं."

नगरसेवकांचा चेहरा पांढराफटक पडला. मला हसू आवरेना, पण हसायला तोंड कुठे होतं? आणि ते हसू फार टिकलंही नाही. मतदानाच्या आदल्या दिवशी दारात हातगाडी आली. हॉलच्या भिंतीला तडे गेले आहेत, म्हणून मतदान केंद्र गावाबाहेरच्या लाकडाच्या वखारीत हलवायचं, असा वरचा हुकूम नगरसेवकांनी आणला. मला बोट दाखवून ते हमालांना म्हणाले, "आधी हा अड्डा उचला."

डावी धावत आली आणि गाडीला आडवी उभी राहिली.

"तडे भिंतीला गेलेत ना? मग टेबल कशाला नेताय?"

"केंद्राचं सामान आहे ते. बाजूला हो, पोरी. अगं, तुम्ही इथे पाहुणे. शिकायचं, पास व्हायचं, आपल्या घरी जायचं. गावचं काय ते गाव बघून घेईल."

"पाहुण्याकडून भाडं घेतं का कोणी?" डावी कडाडली. "पाहुण्याला अंधारात गटारात पाडतं का कोणी? आम्ही इथे राहतो, साहेब. राहतो!"

नगरसेवक हसले. गाडी हलली. मला वाटलं, संपलं. वखार इतकी लांब, तिथे ही झोपाळू पोरं कशाला तडमडायला येतील?

दुसऱ्या दिवशी मी भुश्शात उभा होतो. शाईच्या बाई स्वेटर काढून बसल्या होत्या. आणि मित्रांनो, वखारीच्या फाटकातून सगळ्यात आधी डावी आत आली. मागोमाग लंबू. त्याच्यामागे सगळं हॉस्टेल! डोळे चोळत, चपला फरफटवत, कित्येकांच्या हातात बॅटी. रात्रभरात एकच बातमी खोल्याखोल्यांतून फिरली होती: "आपलं टेबल पळवलं." इतकी वर्षं लोकशाहीच्या नावाने जे जागे झाले नाहीत, ते माझ्या नावाने जागे झाले. याला लाज म्हणा नाहीतर अभिमान, मला तर भरून आलं.

"बॅटी बाहेर ठेवा," अधिकारी ओरडले. "आणि एकेक जण या!"

बाईंनी सुया बाजूला ठेवल्या आणि बाटलीचं झाकण उघडलं. "डावं बोट पुढे करा," त्या प्रत्येकाला सांगत होत्या. "डावं. अहो, उजवं नाही, डावं!" फाटकाजवळ उभे असलेले नगरसेवक प्रत्येक वेळी दचकत होते. लंबूने बोट पुढे केलं. त्याच्याशी रोज भांडणाऱ्यांनी केलं. शेवटी डावीने आपला खेळायचा हात पुढे केला, तेव्हा शाईचा एक थेंब माझ्यावर सांडला. तो डाग अजून आहे. कोणी पुसायला आलं तर मी फळी उचकटून देईन, पण डाग देणार नाही.

कोणी कोणाला मत दिलं? ते मला विचारू नका. मी कोणाची बाजू घेत नाही, हे सुतार सांगून गेलाय.

संध्याकाळी पोरांनी मला खांद्यावर घेतलं. अधिकारी म्हणाले, "अरे, परवानगी?" डावी म्हणाली, "नेताना घेतली होती?" वाचनालयाच्या रस्त्यावर अंधारात एकाचा पाय खड्ड्यात गेला, मी कोसळलो आणि माझा एक पाय मोडला. आजही मी विटांवर उभा आहे.

निवडून नगरसेवकच आले, पण जेमतेम, घामाघूम होऊन. पुढच्याच आठवड्यात त्या रस्त्यावर खांब उभे राहिले. दिवे लागले त्या संध्याकाळी ते स्वतः हॉलमध्ये आले. डावीचा सामना चालू होता. "ही डावी होय?" त्यांनी वॉचमनमामांना विचारलं. तिच्या हाताकडे ते कितीतरी वेळ बघत राहिले. मग निघून गेले. लावलेले दिवे मात्र कोणी काढले नाहीत.

आता डावी आणि लंबू शिकून निघून गेली. माझा रंग उडालाय. मला भंगारात काढायची बोलणी चालू आहेत. आणि मागच्या मतदानाला शाईच्या बाईंनी पुन्हा स्वेटर विणायला घेतलं होतं. रस्त्यावरचे दोन दिवे गेलेत, ते बदलायला कोणी आलेलं नाही.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसू नका. मला वीटही बदलून देऊ नका. मी कोणापुढे पदर पसरणारा नाही. पण पुढच्या मतदानाला तुम्ही पांघरूण ओढून पडून राहिलात, तर याद राखा. मी रात्रंदिवस एकच मागणं मागत राहीन, की कोणीतरी हातगाडी घेऊन यावं आणि मला पुन्हा एकदा पळवून न्यावं. माझे तीन पाय अजून शाबूत आहेत.