बटण दाबणारा माणूस

“अशी बटणं दाबणारा एक तरी माणूस आणून दाखवा, मग बोलू,” साहेब म्हणाले.

म्हणून दुसऱ्या दिवशी ती वडिलांना घेऊन आली.

तिचं काम पडताळणीचं. यंत्र कसं वागणार ते गणिताच्या नियमांत मांडायचं आणि संगणकाला सांगायचं, यातून काही आक्रीत घडू शकतं का, शोध. संगणकाला ना लाज ना कंटाळा. शहाणा माणूस जे करणार नाही तेही तो करून बघतो. घरच्या घरी वेदनेचं औषध देणाऱ्या पंपात त्याला एक वाट सापडली होती: ‘सुरू’, लगेच ‘मागे’, पुन्हा ‘सुरू’. एवढ्यावर पंप दिलेला डोस विसरायचा आणि नव्याने अख्खा द्यायचा. तेवढं औषध अंगात गेलेला माणूस झोपेतून उठेलच याची खात्री नव्हती. चाचणीवाल्यांनी पंप महिनाभर दाबला होता, पण शहाण्यासारखा. आज संध्याकाळी तो बाजारात जायचा होता.

बाबा आयुष्यभर टेलिफोन खात्यात बटणं दाबून निवृत्त झालेले. इस्त्रीचा शर्ट घालून, मुलाखतीला आल्यासारखे बसले. पंपात औषधाऐवजी पाणी, नळीखाली छोटी वाटी, आणि भोवती इंजिनिअर मंडळी, नवं बाळ बघायला जमल्यासारखी.

“काका, एक डोस घ्यायचा, बस्स. घाई नाही,” साहेब म्हणाले.

“घाई आमच्या खात्यानं कधीच केली नाही,” बाबा म्हणाले. सगळे हसले.

तिने त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. फक्त घरी ती रोज बघत होती: कुलूप लावून ते जिना उतरत, परत वर येत, कुलूप उघडून पुन्हा लावत. वय झालं, असं ती स्वतःला सांगे.

बाबांनी ‘सुरू’ दाबलं. पंप घरघरला. वाटीत थेंब पडू लागले. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, मग पंपाकडे, जणू तो कुणी आत्ताच समोर आणून ठेवला. बोट ‘मागे’वर गेलं. दाबा, ती मनात म्हणाली, आणि त्याच श्वासात म्हणाली, बाबा, नका दाबू.

त्यांनी दाबलं. मग ‘सुरू’.

वाटी भरली तरी पंप थांबेना. पाणी टेबलावर पसरलं.

“काका, दुसऱ्यांदा का दाबलंत?” साहेबांनी विचारलं.

“आधी दाबलं होतं?”

कुणीतरी फिस्सकन हसलं. बाबांनी एकेक चेहरा पाहिला, शेवटी तिचा. ती हसत नव्हती. मग ते ऐटीत मागे रेलले. “अहो, गंमत केली. आमच्या ठमीनं घरून पढवून आणलंय मला. चांगलं घोकून घेतलं.”

खोलीचा जीव भांड्यात पडला. साहेबांनी पंप बाजारात सोडायच्या कागदावर सही करायला पेन उघडलं. “वाटलंच मला. काय हो, पढवलंत यांना?”

बाबा तिच्याकडे बघत होते. हो म्हण, असं त्यांचे डोळे सांगत होते.

हो म्हणायला काय लागतं? पंप संध्याकाळी गाडीत चढला असता, बाबा ऐटीत घरी गेले असते.

“नाही, साहेब,” ती म्हणाली. “मी काही पढवलेलं नाही. त्यांच्या लक्षात राहत नाही. बरेच दिवस झाले.”

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. कुणीतरी पंपाची वायर काढली.

बाबांनी खिशातून घडीचा रुमाल काढला आणि टेबलावरचं पाणी पुसायला घेतलं; कडेकडेनं, सावकाश, एकही कोपरा न सोडता.