लोड्याच्या पोटातले किरण

शिंप्याच्या दुकानात त्या सकाळी गिऱ्हाईक सोडून सगळं आलं होतं: मांजरं, शेळ्या, एक पोपट, आणि एकाने तर काचेच्या पेटीसकट मासा उचलून आणला होता. कापड बेतायच्या टेबलावर शिंप्याचा म्हातारा कुत्रा लोड्या आडवा पडला होता. पांढरा कोट, काळा चष्मा अशा थाटातल्या, जनावरांच्या अंगातले किरण काढतो म्हणणाऱ्या किरणबाबाने उजवा हात त्याच्या पोटावर ठेवला आणि डाव्या हातातलं किरण मोजायचं यंत्र जवळ नेलं. यंत्र कडकडलं. गर्दी मागे सरली. पोपट सोडून सगळे गप्प झाले.

"एक्स-रे काढलाय याचा. किरण आत अडकलेत, तेच गाठ पोसतायत," बाबा म्हणाला.

शिंप्याला लगेच पटलं. लोड्याने खाणं टाकलं म्हणून शिंप्याच्या मेहुणीने, समोरच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईने, एक्स-रेचा फोटो काढला आणि पोटात गाठ निघाली. फोटोआधी होती का गाठ, असं तो म्हणे. या हिशेबाने आरसा बघेपर्यंत माणसाला नाकच नसतं, पण शिंप्याला सांगणार कोण? दुपारचं ऑपरेशन त्याने रद्द केलं होतं. सुरी लावली तर किरण गल्लीभर उधळतील, असं बाबाने बजावलं होतं. महिनाभर तो ते हातानेच ओढून काढणार होता. गाठ मात्र महिनाभर थांबणारी नव्हती.

मेहुणी आली. आता ही तोंड सोडणार, म्हणून शिंप्याने मान खाली घातली. तिने मात्र नम्रपणे मासा तपासायला सांगितला. बाबाने पेटीवर हात ठेवला, मासाही कडकडला. याचा एक्स-रे कधी झाला, असं तिने विचारलं. मग तिने चिंध्यांची गोणी पुढे केली. गोणी तर माशाहून जोरात वाजली. बाबा गोणीच्या मागच्या जन्माबद्दल बोलू लागला.

"भावोजी, यंत्र तुम्ही धरा," ती म्हणाली. "महाराज, तुम्ही जरा दाराशी उभे राहा."

शिंप्याने लोड्याच्या पोटावरून यंत्र फिरवलं. टक्. बऱ्याच वेळाने पुन्हा टक्. एवढं तर दगडामातीमुळे कुठेही वाजतं, असं तिने सांगितलं. शिंपी यंत्र घेऊन दाराकडे वळला आणि बाबाच्या उजव्या बाहीपाशी यंत्राने आकांत मांडला. बाह्या म्हणजे शिंप्याचा प्रांत. त्याने अस्तर उसवलं. आत चोरखिसा, खिशात जुन्या गॅसबत्तीची जाळी. जुन्या जाळ्यांत थोरियम असायचं आणि त्यातून किरण निघतात. सबंध दुकानात किरण आणले होते ते एकट्या बाबाने.

"टाका तरी नीट घालायचास," शिंपी म्हणाला. त्याला तेच जास्त लागलं असावं.

"पण मग फोटोचे किरण?" त्याने हळूच विचारलं.

"टॉर्च विझवल्यावर भिंत उजळत राहते का, भावोजी? थोडा धोका असतो, नाही म्हणत नाही. म्हणून तर उगाच कुणाचा फोटो काढत नाही, आणि काढताना शिशाचा ॲप्रन घालते. पण एका फोटोचा धोका इतका बारीक, की म्हाताऱ्या जनावरांना एरवी होणाऱ्या गाठींत तो वेगळा सापडायचाही नाही. आणि ही गाठ आधीचीच. दाखवली म्हणून फोटोवरच रुसलात?"

शिंप्याने लोड्याला खांद्यावर टाकलं आणि रस्ता ओलांडला. दुपारी गाठ सबंध निघाली.

यंत्र खोटं नव्हतं, आणि लोक फसतात ते इथेच. भोंदू आता राख फासून येत नाही, इस्त्रीचा कोट घालून येतो. म्हणून यंत्र वाजलं की हात जोडू नका. हात पुढे करा, यंत्र मागून घ्या, आणि वाजवणाऱ्याला सांगा, बाजूला हो.