बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी

मी एक जुनी पत्र्याची शेगडी आहे. मित्रांनो, माझ्या पोटात लाकडं जळतात आणि धूर लांब धुराड्यातून घराबाहेर जातो. कोल्हापुरात पिराजी लोहारानं मला घडवलं, १९५३ साली.

मंगळवार पेठेतल्या सयाजी मास्तरांच्या घरी मी आले. त्यांच्या पत्नी लीलाबाईंना सातव्याच महिन्यात मुलगी झाली होती. खोली सतत उबदार ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. घरात विजेची शेगडी होती, पण पावसाळ्यात वीज वरचेवर जायची. म्हणून जोडीला मी.

शेजारच्या धोंडुबाईंना माझं येणं रुचलं नाही.

"धुराडं माझ्या परड्यात काढलंयसा व्हय? लुगडी वास मारत्यात की!"

"पोरीसाठी आहे, मावशी," मास्तर म्हणाले.

"मग रस्त्याकडं काढा."

रस्त्याकडची भिंत जाड दगडी होती. धुराडं तिथंच राहिलं आणि दोन्ही घरांचं बोलणं तुटलं.

श्रावणात झड लागली. एका दुपारी वीज गेली. मास्तर शाळेत होते. लीलाबाईंनी मला पेटवलं, पण लाकडं दमट. मी नुसती धुमसत राहिले. बाळाचे तळवे गार पडू लागले. लीलाबाईंनी त्याला उराशी धरलं आणि त्यांना रडू फुटलं. मला फार लाज वाटली. मी तिथं असून नसल्यासारखीच होते.

तेवढ्यात डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेल्या धोंडुबाई आत आल्या. काखेत सुक्या लाकडांचा भारा होता.

"निस्ता धूरच येतोय, तवाच वळखलं, लाकडं वली हाईत. सरक जरा."

"मावशी, तुमच्या चुलीला काय राहिलं?"

"चूल एक सांज गार ऱ्हाईल. त्यानं काय हुतंय?"

मी धडधडून पेटले. खोली तापली. हळूहळू बाळाचे हातपाय गरम झाले आणि त्यानं भुकेनं टाहो फोडला. ते रडणं ऐकून दोघी हसल्या. मित्रांनो, त्या हसण्याइतकं मोठं कौतुक मला पुन्हा मिळालं नाही.

मास्तरांनी पुढच्याच आठवड्यात धुराडं छपराच्या वर नेलं. धोंडुबाई मात्र रोज येत राहिल्या. माझी राख काढत, धुराड्यातली काजळी झाडत आणि बाळाशी तासन्‌तास बोलत.

मुलगी धडधाकट झाली, तशी मी माळ्यावर गेले. अंगावर गंज चढला आहे, पण तक्रार नाही. ज्यांनी मला घडवलं, पेटवलं, पुसलं, त्यांची मी ऋणी आहे. तुम्ही मात्र एवढं करा. पावसाळ्याआधी सरपण भराल, तेव्हा चार लाकडं जास्तीची ठेवा, शेजारच्या घरासाठी.