नगरसेविकेचा स्मॉल सी

प्रभाग महिलांसाठी राखीव झाला तेव्हा मोशीच्या त्या घरात दोन सुना होत्या. थोरली जयमाला इंग्रजीत एम. ए., खासगी शाळेत मुख्याध्यापिका. धाकटी कुंदा दहावी. सासूबाई शालनबाई म्हणाल्या, "थोरलीला शाळा हाय. धाकटीला उभी करा." जयमालाला कुणी विचारलंसुद्धा नाही.

कुंदा निवडून आली. "नगरसेविका ताई आहेत का?" म्हणत माणसं दारात येऊ लागली. दार बहुतेक वेळा जयमालाच उघडायची.

पुढे प्रभागात वाचनालयाचं उद्घाटन ठरलं. नव्या सोसायट्यांत मराठी न वाचणारे बरेच, म्हणून पत्रिकेची एक बाजू इंग्रजीत हवी होती.

"ताई, तुमीच लिवा," कुंदा म्हणाली.

जयमालाने लिहिलं. आधी कुंदाचं नाव, मग स्वल्पविराम, मग 'कॉर्पोरेटर'. त्यातला सी स्मॉल.

कुंदाने कागद निरखला. "ह्यो सी बारका का? ब्यानरवर तर मोठा आसतो."

"बॅनरवाले काहीही करतात. पद नावाच्या आधी जोडून आलं तर कॅपिटल, नंतर आलं तर स्मॉल. मेयर असो नाहीतर मिनिस्टर. नियम आहे."

नियम खरा होता. पण सी लहान यावा म्हणून पद नावानंतर टाकायचं, हे तिने मुद्दाम ठरवलं होतं.

"तुमी म्हनता म्हंजी बरोबरच आसंल." कुंदाचं बोट खाली सरकलं. "मग तुमच्या नावाफुडचा एच?"

सूत्रसंचालन: जयमालाचं नाव, स्वल्पविराम, 'हेडमिस्ट्रेस'. एच कॅपिटल. सवयीने हात तसा वळला होता.

कुंदाच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर भांडता तरी आलं असतं. जयमालाचे कान तापले. कुंदाचा सी मोठा केला असता तर तिचा स्वतःचा एचही मोठाच राहिला असता. तिने पेन उचललं आणि स्वतःचा एच लहान केला.

"चुकून झालं," ती म्हणाली.

पत्रिका छापून आल्या. दुसऱ्या दिवशी तास संपवून जयमाला केबिनमध्ये आली, तर तिच्या खुर्चीत कुंदा बसलेली. भोवती सगळ्या शिक्षिका, टेबलावर चहा.

"आमच्या ताईंनी लिवलंय बरं का इंग्रजी," कुंदा एकेकीच्या हातात पत्रिका देत होती. जयमालाला पाहताच ती धडपडत उठली. "बसा ताई, ह्यांनीच बळं बशीवलं."

"असू दे. बस तू," जयमाला म्हणाली.

कुंदा पुन्हा बसली. शिक्षिका हसल्या. जयमाला हजेरीपट छातीशी धरून दाराजवळच उभी राहिली.