सासरी सुखाने नांदत असून

लातूर जिल्हा झाला आणि ग्यानोबा मास्तरांना पहिल्यांदाच कळलं, की आपण मोक्याच्या जागी राहतो. तोवर ते घर म्हणजे वडिलांनी, सटवाजींनी, रेल्वेत गँगमनची नोकरी करून बांधलेल्या दोन खोल्या आणि पुढं ओसरी, एवढंच होतं. आता पलीकडच्या रस्त्याला कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागं कारकून आले आणि ‘खोली मिळेल का’ म्हणणाऱ्यांनी मास्तरांच्या दाराची कडी झिजवली. दुष्काळानं नळ कोरडे पडले होते, टँकरवर भांडणं होत होती, तरी भाडेकरू काही हटेनात.

“आलेलं गिऱ्हाईक रोज परत लावून राहिलो आपण,” मास्तरांची बायको चतुराबाई म्हणाली. “वर मजला चढवा की.”

बँक घर गहाण घेऊन कर्ज द्यायला तयार होती. फक्त बँकेच्या वकिलाकडून घराचे कागद तपासून आणायचे होते. विरूपाक्ष वकील माणूस भला, पण गालात सुपारी धरून एकेक प्रश्न असा काढायचे की समोरच्याला आपण चोरी केल्यासारखं वाटावं.

“घर कुणाच्या नावावर?”

“वडलांच्या. ते वारले. आईबी गेली.”

“मृत्युपत्र केलं होतं?”

“न्हाई.”

“भावंडं?”

“एक बहीण. सिंधू. नायगावकडं दिलीय.”

वकिलांनी सुपारी या गालातून त्या गालात सरकवली. “मग अर्धं घर तिचं. अर्ध्या मालकाकडून बँक घर गहाण घेत नसती, मास्तर. बहिणीकडून हक्कसोड लिहून घ्या.”

“दिल्याघरच्या पोरीचं इथं काय राह्यलं, साहेब?” मास्तर बोलून गेले आणि त्यांचे कान गरम झाले. कारण दर चौदा एप्रिलला मंडपात उभं राहून हेच मास्तर छाती भरून सांगायचे, की लेकीला बापाच्या घरात वाटा मिळावा म्हणून बाबासाहेबांनी मंत्रिपदावर पाणी सोडलं. त्या वाक्याला टाळ्या हमखास पडायच्या. बायकांच्या बाजूनं जरा जास्तच.

“ती नांदती आहे ना?” वकिलांनी विचारलं.

“हाव. का बरं?”

“नांदती असली तर तुम्ही वाटणी केल्याशिवाय तिला ती मागता येत नाही. पण नवऱ्यानं टाकली किंवा विधवा झाली, तर या घरात येऊन राहायचा तिला कायद्यानंच हक्क आहे. तुमची परवानगी लागत नाही. तसलं लचांड बँकेला नको असतं. म्हणून कागदात लिहून टाकू, ‘सासरी सुखाने नांदत असून’.”

मास्तरांनी बहिणीला पत्र टाकलं. सहीचं कारण सरळ लिहिलं, त्यात लपवाछपवी केली नाही. आपल्याकडं बहिणी अशा सह्या करतातच. भावानं साडीचोळी करायची, बहिणीनं हक्क सोडायचा. वाटा घेतला तर माहेर तुटतं, असं आयाबायांनी तिच्या कानात लहानपणापासून घातलेलं असतं.

सिंधू आली ती नांदेडहून सुटणाऱ्या एस.टी.नं, दुपारच्या उन्हात. दोन दिवसांसाठी माहेरी येणारी बाई एक पिशवी आणते. सिंधूनं सायकल रिक्षातून ट्रंक उतरवली, मग अंथरुणाची वळकटी, आणि शेवटी पितळी घागर. सटवाजींनी लग्नात दिलेली, काठावर तिचं नाव घातलेली. लग्नातली भांडी माहेरी परत आली म्हणजे काय झालं, हे आपल्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

मास्तर घागरीकडं बघत राहिले. बहिणीच्या ते लक्षात आलं.

“पाण्याची लई टंचाई हाय म्हणलं इकडं,” ती घाईनं म्हणाली. “भरून ठेवायला एखादं भांडं असावं.”

“बरं केलंस,” मास्तर म्हणाले.

किती सोपं होतं ते म्हणणं! बहिणीनं खोटं पुढं केलं आणि भावानं ते दोन्ही हातांनी घेतलं. आत गेल्यावर चतुराबाईनं त्यांचा सदरा धरला.

“अहो, विचारा तरी तिला. घागर घिऊन आलीय ती.”

“सही होऊ दे आधी,” मास्तर म्हणाले.

चतुराबाईनं सदरा सोडला आणि ती नणंदेसाठी भाकरी थापायला बसली. नवऱ्याशी त्या दिवशी ती पुन्हा बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी निबंधक कचेरीत कारकुनानं कागद वाचून दाखवला. तो गिरणीतल्या पट्ट्यासारखा एका सुरात वाचत होता. “लिहून देणार ही सासरी सुखाने नांदत असून, तिला तिच्या भावाकडून साडीचोळी पोहोचली असून...”

‘सुखाने’ या शब्दाला सिंधूनं मान वर केली आणि भावाकडं बघितलं. मास्तर छताच्या पंख्याकडं बघत होते. वीज नव्हती, पंखा बंद होता.

“बाई, राजीखुशीनं देताय ना?” निबंधक साहेबांनी विचारलं.

“हाव.”

मास्तरांनी नुसतं ‘थांबा’ म्हणायचं होतं. अख्खा मंडप दणाणून सोडणाऱ्या माणसाला एवढा एक शब्द जड झाला. सिंधूनं सही केली. सावकाश, वळणदार, एकेक अक्षर नीट जोडून. सहीवर शिक्का पडेपर्यंत मास्तरांनी बूड हलवलं नाही.

बाहेर आल्यावर ते तिला हॉटेलात घेऊन गेले. चहा आला. सिंधूनं बशीत ओतला, फुंकर मारली आणि न पिताच बशी खाली ठेवली.

“आता सांगते, दादा. त्यानं दुसरी करून आणली. मला भाईर काढलं. मी सामान घिऊनच आले.”

मास्तरांनी चहाचा कप तोंडाला लावला.

“कालच सांगणार व्हते. पण म्हणलं, आधी सांगितलं तर तुला वाटंल, सिंधू सहीचा सौदा करून राहिली. आता त्या घरात माझं काईच न्हाई. आता मी नुसती तुजी बहीण. आता ‘ठिऊन घे’ म्हणायला मला तोंड हाय.”

‘रहा’ म्हणाले असते तर निभावलं असतं. सिंधू हसली असती, दोघं घरी गेले असते आणि मजला चढला असता. पण तिचं ते ‘तोंड हाय’ मास्तरांना झोंबलं. ती त्यांना लाजून, मान खाली घालून विनवत होती, आणि ज्याला लाज वाटायला हवी तो समोर चहा पीत बसला होता. हे आता त्यांना सोसवेना.

“मला ठाऊक व्हतं, सिंधू,” ते म्हणाले. “घागर उतरली तवाच कळलं.”

सिंधूनं मान वर केली.

“आणि वकिलानं सांगितलं व्हतं. टाकलेल्या बाईला बापाच्या घरात राहायचा हक्कच असतो म्हणून. कुणाला विचारायची गरज न्हाई. मी तुला सांगितलं न्हाई.”

बोलून झाल्यावर त्यांना क्षणभर हलकं वाटलं. तेवढंच.

“हक्क व्हता?” सिंधूनं विचारलं.

“हाव.”

“मला?”

“हाव.”

“सही करायच्या आधी?”

मास्तरांनी मान हलवली. सिंधूनं पदर नीट केला. ती रडेल, शिव्या देईल, बशी फेकेल, या सगळ्याची मास्तरांनी तयारी केली होती. त्यातलं काही झालं नाही. तिनं बशीतला गार झालेला चहा घोटाघोटानं पिऊन टाकला.

“वरच्या खोलीचं भाडं किती ठेवणार तुमी?” ती म्हणाली.

जन्मात तिनं भावाला ‘तुमी’ म्हटलं नव्हतं.

“सिंधू, असं काय...”

“भाडेकरू कारकुनाला सांगाल तेच सांगा. दुष्काळी कामावर खडी फोडायला जाते मी. भाडं थकवणार न्हाई.”

‘फुकट रहा’ म्हणावं, तर आता तो उपकार झाला असता. ‘तुझंच घर आहे’ म्हणावं, तर ते आत्ताच सरकारी शिक्का मारून खोटं करून आणलं होतं. हॉटेलवाला पुढचं गिऱ्हाईक बसवायला टेबलाशी येऊन उभा राहिला.

“सांगा की, मास्तर,” सिंधू म्हणाली.